जावईबापूंच्या गाडीतला एसी

बाहेर ४१, गाडीत ४६

राजकुमारचा फोन आला तेव्हा अभयराव खंडागळे स्टुलावर उभे राहून कूलरमध्ये पाणी भरत होते. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन, आणि आठ दिवसांनी नळाला आलेलं पाणी पाऊण तासात जाणार. अशा अवस्थेत माणसानं महत्त्वाची विधानं करू नयेत. अभयरावांनी एक केलं.

"अभयराव, धोंड्याचं आमंत्रण पोचलं ना?" राजकुमार पुण्याहून बोलत होता. "एकतीस तारखेचा रविवार. आम्ही पहाटेच निघतो. तुम्ही वाटेतच आहात. उचलतो तुम्हाला."

राजकुमार हा अभयरावांचा साडू. अभयरावांची बायको सुलेखा, तिची धाकटी बहीण सोनिया, तिचा नवरा. दोघांची सासुरवाडी एकच, पिशोरची, आणि सासूबाईही एकच, चंपाबाई. अधिक महिना जवळजवळ तीन वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला विष्णूचं रूप मानून घरी बोलावतात, पाटावर बसवतात, ओवाळतात आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात. उरलेल्या काळात जावयाला काय मानतात, ते लिहिण्यासारखं नसतं. गेल्या खेपेला श्रावण अधिक होता, पाऊस होता, सगळं हिरवंगार होतं. यंदा ज्येष्ठ अधिक आला, तो थेट मेच्या कढईत.

"उचलतो" हा शब्द अभयरावांना लागला. विष्णूला कोणी उचलत नाही. विष्णू आपल्या वाहनावरून येतो.

शिवाय राजकुमारच्या गाडीचा त्यांना अनुभव होता. ती गाडी उंच, काळी आणि नवी. तिच्यात बसण्याआधी राजकुमार प्रेमानं म्हणतो, "चपला तेवढ्या झटकून घ्या हं." मग मागच्या सीटवर, सोनियाच्या पिशव्यांच्या मधे, चपला झटकलेला मोठा जावई.

"नको, आम्ही आमच्या गाडीनं येऊ," अभयराव म्हणाले.

"अहो, पण तुमच्या गाडीत एसी नाही ना. सुलेखाताईंना त्रास कशाला उन्हाचा?"

"नाही कसा? आहे की."

"चालतो?"

"चालतो म्हणजे? स्वेटर घालावं लागतं."

पाइप कूलरमधून निसटला आणि त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर भिजवलं. सुलेखा फडकं घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"खोटं कशाला बोललात?"

"अजून बारा दिवस आहेत," अभयराव स्टुलावरून उतरत म्हणाले. "तेवढ्यात खरं करून टाकू."

मुद्दा एवढाच होता. रविवारपर्यंत एसी चालला तर अभयराव आपल्या गाडीतून, कोरड्या शर्टात, पिशोरला उतरणार. नाही चालला तर मागची सीट, पिशव्या आणि चपला.


बाहेर ४२, गाडीत ४७, मधे काही काळ २६

गाडी पांढरी, छोटी, दोन हजार आठची. आठ वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांकडून घेतलेली. तिच्यात एसीचं बटण होतं, पण अभयरावांनी ते कधी दाबलं नव्हतं. एसीनं पेट्रोल जास्त जातं, हे त्यांचं तत्त्व होतं. कोणी विचारलंच तर "मला ती हवा मानवत नाही" असं ते म्हणत, आणि न मानवणारी हवा नेमकी कशी असते, हे त्यांना माहीत नव्हतं. घरी कूलर, ऑफिसात कूलर, लग्नाच्या हॉलमध्ये राक्षसाएवढा कूलर. चोपन्न वर्षांचं आयुष्य त्यांनी वाळ्याच्या वासात काढलं होतं.

त्यांनी बटण दाबलं. ब्लोअरमधून गरम वारं आलं, आणि सोबत एक वाळलेलं कडुनिंबाचं पान.

बीड बायपासच्या कडेला एक टपरी होती. पाटी होती : 'एसी गॅस पाच मिनिटांत.' टपरीवाल्यानं बॉनेट उघडलं, एक नळी जोडली, एक डबी उलटी धरली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, "बसा."

अभयराव बसले. तोंडावर जे येत होतं ते वारं नव्हतं, तो मानसन्मान होता. ते घरी गेले नाहीत. काही काम नसताना क्रांती चौकातून हर्सूलपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तत्त्वाची आठवण त्यांना एकदाही झाली नाही. एका झाडाखाली थांबून त्यांनी राजकुमारला फोन लावला आणि फोन ब्लोअरसमोर धरला.

"ऐकू येतंय?"

"कुकर लावलाय का?" राजकुमारनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर गरम वारं. टपरीवाला म्हणाला, "गॅस गेला."

"कुठं?"

टपरीवाल्यानं आकाशाकडे पाहिलं. बायपासवर याहून जास्त खुलासा कोणी करत नाही.


बाहेर ४२, पार्किंगमध्ये माणसं ९

श्रमसाफल्य सोसायटीत कोणाच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की लोक खाली येतात. बोलावलेलं नसतं. चहासुद्धा वर ठेवून येतात.

"गॅस म्हणजे घरातल्या सिलिंडरमधला चालतो का?"

"चालत असता तर मिळाला असता का?"

"माझं ऐका, खिशात कांदा ठेवा. कितीतरी उन्हाळे गेले, मला ऊन लागलं नाही."

"कांद्यानं एसी चालतो?"

"एसीची गरजच पडत नाही, तेच तर सांगतोय."

"आमच्या मेव्हण्यानं असाच गॅस भरला होता."

"मग?"

"मग गाडी विकली."

"ब्लोअरच्या तोंडावर वाळ्याची जुडी बांधा आणि वर पाणी शिंपडा. बघा कशी गार हवा येते."

सोसायटीचे अध्यक्ष नानासाहेब सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शेवटचं बोलण्याची सवय त्यांना नोकरीतच लागली होती.

"खंडागळे, मूळ मुद्दा कोणी सांगतच नाही. कूलर लावल्यावर आपण खिडकी का उघडी ठेवतो? हवेला वाट मिळाली पाहिजे. नाहीतर दमट होतं, कोंडतं, अंगाला चिकटतं. गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच. चारही काचा दोन बोटं खाली ठेवायच्या."

"दोन बोटं," अभयराव म्हणाले.

"आडवी," नानासाहेब म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. या गावात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला हे पटलं असतं. इथं मुलाला पाढे नंतर शिकवतात, कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवायला आधी.


बाहेर ४२.५, गाडीत ४७

जाफर गेटजवळ फारूखभाईंचं दुकान आहे. तिथं फक्त गाड्यांच्या एसीचं काम होतं. टपरीची गोष्ट ऐकून फारूखभाई हसले नाहीत, आणि ते अभयरावांना जास्त लागलं.

"साहब, गॅस कम नै होता, गॅस भागता. भागने का रस्ता बंद नै किया और ऊपर से भर दिया, तो वो फिर भागेगा. तुमारे घर के टाकी को भोक है, तो टँकर बुलाते क्या पयले?"

अभयरावांनी अपराधी मान हलवली. त्यांच्या टाकीला खरोखरच भोक होतं, आणि टँकरही बोलावला होता.

फारूखभाईंनी पुढची जाळी काढून आतली दुसरी जाळी दाखवली. तिला कंडेन्सर म्हणतात, एवढं ज्ञान अभयरावांना त्या दिवशी मिळालं. जाळी अशी दिसतच नव्हती. आठ वर्षांची माती, किडे आणि कसलीशी पिसं तिच्यावर थापली होती.

"इसमे ज्वारी लगाव, आ जायेगी," फारूखभाई म्हणाले. "ये धो के लाव. साफ रहा तो लीक दिखेगा. मेरे पास पानी नै है, टँकर परसों आयेगा. तुम घर पे धो लो. दो बादली बस हो गया."

दोन बादल्या! फारूखभाईंना सोसायट्यांचा अनुभव नसावा.


बाहेर ४३, शाई हिरवी

प्रति,
मा. अध्यक्ष, श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : मोटारीचा फक्त कंडेन्सर धुण्यास परवानगी मिळणेबाबत

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, संस्थेच्या आवारात वाहन धुण्यास मनाई आहे याची मला नम्र जाणीव आहे. तथापि मी वाहन धुणार नसून वाहनातील एक जाळी धुणार आहे. पाणी दोन बादल्या लागेल. वाहनाच्या इतर भागावर पाणी उडून ते स्वच्छ होणार नाही याची पूर्ण दक्षता घेण्यात येईल. तरी परवानगी मिळावी.

आपला विश्वासू,
अ. मा. खंडागळे, सदनिका ७

अध्यक्षांचा शेरा (हिरव्या शाईत) : कंडेन्सर हा वाहनाचा भाग आहे किंवा कसे, खुलासा व्हावा.

खुलासा : भाग आहे, परंतु दर्शनी नाही.

शेरा : दर्शनी नसल्यास धुण्याची निकड काय?

खुलासा : निकड कौटुंबिक आहे.

शेरा : आकृती जोडावी.

(आकृती अभयरावांच्या मुलीनं, मोनालीनं काढली. ती बारावीला आहे. तिनं गाडी चांगली काढली, पण ड्रायव्हरच्या जागी टाय घातलेला विष्णू बसवला.)

शेरा : आकृती पाहिली. पिण्याचे पाणी वापरू नये, या अटीवर मंजूर. चालकाबाबत संस्थेचे काही म्हणणे नाही.

अर्ज पहिल्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर चार वेळा गेला आणि आला. प्रत्येक वेळी अभयराव स्वतः नेत होते. नानासाहेब दार उघडून अर्ज घेत, "बसा" म्हणत, शेरा लिहीत आणि दोन बोटं आडवी धरून आठवण करून देत. यात दोन दिवस गेले.


बाहेर ४३, फेस भरपूर

पिण्याचं पाणी वापरायचं नाही. मग कुठलं वापरायचं? सुलेखानं कपडे खळबळलेलं पाणी दोन बादल्या बाजूला काढून ठेवलं होतं. एरवी त्यानं जिना धुतला जाई. अभयरावांनी तेच पाणी मगानं जाळीवर मारलं. माती निघाली, पिसं निघाली, जाळी चकाकली. संध्याकाळपर्यंत ती वाळली, आणि दुसऱ्या दिवशी अभयराव ताठ मानेनं जाफर गेटला गेले.

गळती शोधायची पद्धत सोपी असते. नळ्यांमध्ये दाबानं हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथं बुडबुडा, तिथं भोक.

फारूखभाईंनी पाणी शिंपडलं.

आधी एक बुडबुडा आला. मग दहा आले. मग कंडेन्सरच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पांढरा फेस उसळला आणि बंपरवरून खाली ओघळू लागला. फारूखभाई दोन पावलं मागं सरले. एवढ्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"साहब," ते हळू आवाजात म्हणाले, "ये तो पूरी गाडीच लीक है."

अभयरावांना घाम फुटला. त्यांनी मनातल्या मनात चपला झटकायला सुरुवात केली. तेवढ्यात फारूखभाईंनी बोटावर फेस घेतला आणि नाकाजवळ नेला.

"किससे धोये?"

अभयराव रुमालानं बंपरवरचा फेस पुसू लागले.

"साहब, किससे धोये?"

"कपड्यांच्या पाण्यानं."

फारूखभाई स्टुलावर बसले. शेजारच्या दुकानातून विचारणा झाली, "क्या हुआ भाई?" त्यावर ते एवढंच म्हणाले, "कुछ नै. गाडी के कपडे धुल रे."

टँकरच्या पाण्यानं जाळी पुन्हा धुतली. मग खरा बुडबुडा दिसला. एकच. दोन नळ्यांच्या जोडावर, अंगठीपेक्षा लहान रबरी कडी सुकून तडकली होती. तिच्यातून आठ वर्षं गॅस सावकाश पळत राहिला, आणि टपरीवरचा एका रात्रीत पळाला.


बाहेर ४३, गाडीत ७, घरी गेल्यावर ३८

नवी कडी बसली. नळ्यांतली हवा यंत्रानं ओढून काढली. गॅस वजनकाट्यावर तोलून भरला. फारूखभाईंनी ब्लोअरच्या तोंडात थर्मामीटर खोचलं. काटा सातवर आला.

"सात," फारूखभाई म्हणाले. "अब शादी में जाव, नै तो जनाजे में, पसीना नै आयेगा."

अभयराव घरी आले. सुलेखा आणि मोनाली गाडीत बसल्या. चारही काचा दोन बोटं खाली, आडवी. सुलेखानं ब्लोअरवर ओला नॅपकिन टाकला, कारण वाळा मिळाला नव्हता. गाडी सिडकोपर्यंत गेली. घाम आला.

पहिली फेरी. "फारूखभाई, गार होत नाही." फारूखभाईंनी काचा लावल्या, थर्मामीटर खोचलं. सात. "गाडी ठीक है."

दुसरी फेरी. "फारूखभाई, तुमच्याकडे गार होतं, आमच्याकडे होत नाही." सात. "तुमारे घर कू नजर लगी क्या?"

तिसऱ्या फेरीला शुक्रवार उजाडला होता. अभयराव दुकानात आले ते भांडायच्या तयारीनं, सुलेखा आणि मोनालीला साक्षीला घेऊन. पण फारूखभाई त्यांच्याहून जास्त दुखावलेले होते.

"साहब, पैसे नक्को तुमारे. पर मेरे सात के काटे कू झूठा मत बोलो."

"मी कुठं झूठा म्हणालो? पण माझी बायको पण बसली होती, मुलगी पण. तिघं खोटं बोलतील का?"

"नै बोलेंगे," फारूखभाई उठले आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "चलो. मैं खुद बैठता तुमारे साथ."

तेवढ्यात राजकुमारचा मेसेज आला. 'परवा पहाटे पाचला निघतोय. जागा ठेवलीय.' पुढं हसरा चेहरा होता. अभयरावांना तो चेहरा हसरा वाटला नाही.


बाहेर ४३, गाडीत ३८ आणि नंतर

फारूखभाई पुढं बसले. सुलेखा आणि मोनाली मागं. निघण्याआधी घरच्यांनी आपापली कामं केली, जशी देवापुढं दिवा लावताना करतात, न बोलता. अभयरावांनी आपली काच दोन बोटं खाली घेतली. सुलेखानं आपली. मोनालीनं आपली. मग अभयराव वाकले आणि फारूखभाईंची काचही त्यांनी अदबीनं दोन बोटं खाली केली. सुलेखानं मागून ओला नॅपकिन पुढं दिला.

गाडी चौकापर्यंत गेली. सिग्नल लागला. चारही फटींतून रस्त्याची झळ आत येत होती आणि एसीचा गारवा तितक्याच इमानदारीनं बाहेर जात होता. बाजूच्या रिक्षावाल्याच्या कोपराला तो लागला असावा. त्यानं कोपर फटीजवळ आणलं आणि तिथंच ठेवलं.

"साहब, ये काच कायकू खुली है?" फारूखभाईंनी विचारलं.

"हवेला वाट नको का?"

"कौन सी हवा कू?"

"गार हवेला. नाहीतर दमट होतं."

फारूखभाईंनी मान वळवून मागं पाहिलं. सुलेखानं समर्थनाची मान हलवली. मोनालीनं दोन बोटं आडवी धरून दाखवली.

"नानासाहेबांनी सांगितलंय," ती म्हणाली.

"नानासाहेब कौन?"

"आमचे अध्यक्ष."

फारूखभाईंनी डोळे मिटले. मग एकेक करून काचा वर करायला लावल्या. नॅपकिन घडी करून सुलेखाच्या हातात परत दिला, अगदी आदरानं. सिग्नल सुटला. दुसऱ्या चौकात अभयरावांच्या मानेवरचा घाम वाळला. तिसऱ्या चौकात मोनालीनं ओढणी गुंडाळून घेतली. चौथ्या चौकात सुलेखा म्हणाली, "अहो, घरून शाल घ्यायला पाहिजे होती."

चूक इतकी मोठी असली की तिच्यावर बोलता येत नाही, तिच्याभोवती बसता येतं.

"तुमारे अध्यक्षसाहब कू मेरा सलाम बोलो," दुकानाशी उतरताना फारूखभाई म्हणाले. "और बोलो, मेरे दुकान पे कब्बी नक्को आना."

संध्याकाळी जिन्यात नानासाहेब भेटले. अभयरावांनी सगळं सांगितलं. नानासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी कूलरबद्दल बोललो होतो," ते म्हणाले, आणि वर निघून गेले.


बाहेर ४३, गाडीत २२, पिशोरच्या स्वयंपाकघरात मोजलं नाही

रविवार. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. काचा घट्ट बंद. कन्नडच्या रस्त्यानं गाडी अशी गेली की अभयरावांना बाहेरचं ऊन सिनेमातलं वाटत होतं. वेरूळजवळ त्यांनी राजकुमारला फोन करायचा मोह आवरला. हातनूरला आवरला नाही. राजकुमार म्हणाला, "आम्ही पोचलोसुद्धा."

पिशोरला घरासमोर काळी उंच गाडी उभी होती. ओसरीवर राजकुमार वर्तमानपत्रानं वारा घेत बसला होता. गावात पहाटेपासून लाइट नव्हती. एवढ्यातच त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. अभयराव गाडीतून उतरले. कोरडे. त्यांनी मुद्दाम सावकाश वळून दार लावलं, म्हणजे पाठही दिसावी.

"स्वेटर कुठंय?" राजकुमारनं विचारलं.

"गाडीत ठेवलं," अभयराव म्हणाले.

विजयाची ही घटका साधारण चार मिनिटं टिकली. पाचव्या मिनिटाला चंपाबाई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई पहाटे चारपासून चुलीपुढं होती. तेहतीस धोंडे करायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. चेहरा लाल, केसांना पीठ, पदर ओलाचिंब. ताटातली निरांजनं थरथरत होती, आणि वारा तर नव्हता.

"या जावईबापू," त्या म्हणाल्या आणि ओसरीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

सुलेखानं ताट घेतलं. "आई, बस आधी. गाडीत बस. गार आहे."

"अगं, चुलीवर भांडं हाय."

"आमच्या गाडीत बसा आई, मोठी आहे," राजकुमार पटकन उठला.

"नगं बाबा. तुझ्या गाडीत चढायचं म्हंजी शिडी लागती. माझं गुडघं नाय तसं." चंपाबाईंनी पांढऱ्या गाडीकडं पाहिलं. "ही बरी. पाटावर बसल्यावानी बसता येतंय."

अभयरावांनी गाडी सुरू केली, बटण दाबलं, दार उघडून धरलं. चंपाबाई बसल्या. वारं तोंडावर आलं तशी त्यांनी मान मागं टेकली.

"अगं बया, लई गार हाय गं. सोने, ये बस. सुलू, तू बी ये. घटकाभर बसू अन् मग धोंडे लावू."

सोनिया एका बाजूला बसली, सुलेखा दुसऱ्या बाजूला, मोनाली पुढं. दारं लागली.

घटका झाली. मग आणखी एक. ओसरीवर दोन पाट मांडलेले, रांगोळी काढलेली, आणि पाटांवर दोन जावई, पुढं रिकामी ताटं. अभयरावांचा शर्टही आता राजकुमारच्या शर्टासारखा दिसत होता. शेवटी मोनाली बातमी घेऊन आली.

"आजी झोपली. मम्मी पण झोपली. मावशी घोरतेय."

"उठव ना कोणाला तरी," राजकुमार म्हणाला.

अभयराव गाडीपाशी गेले. काचेतून आत पाहिलं. चंपाबाईंचं तोंड किंचित उघडं होतं. पीठ वाळून पांढरी झालेली बोटं त्यांनी दोन्ही लेकींच्या हातांवर ठेवली होती. कपाळावरची लाली उतरली होती. अभयरावांनी काचेवर टकटक करायला बोट उचललं आणि खाली घेतलं.

ते ओसरीवर परत आले आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"किती झालेत धोंडे?"

"मी बघितलंय," राजकुमार म्हणाला. "अकरा. बावीस राहिलेत. पण अभयराव, अधिक महिन्यात जावयानं इकडची काडी तिकडं करायची नसते."

"काडी नाही करत आपण. कणीक भिजवू. येते का तुम्हाला?"

"मला मॅगी येते."

"मग चूल सांभाळा."

पुढचा तास तिथं काय झालं याचं सविस्तर वर्णन दोघांच्याही इभ्रतीच्या दृष्टीनं टाळलेलं बरं. एवढं सांगता येईल की कणीक आधी पातळ झाली, मग घट्ट झाली, मग पुन्हा पातळ. राजकुमारच्या डोळ्यांत धूर गेला आणि अभयरावांनी आपल्या रुमालानं त्याचे डोळे पुसले. एक धोंडा चुलीत पडला. तो काढताना राजकुमार म्हणाला, "अभयराव, खरं सांगा, एसी गेल्या आठवड्यातच दुरुस्त केला ना?" अभयराव म्हणाले, "परवा." मग दोघं इतके हसले की ओसरीखालचं कुत्रं उठून निघून गेलं. मोनाली मधेमधे गाडीकडं जाऊन यायची आणि सांगायची, "अजून झोपल्यात. चालू द्या."

तीनच्या सुमाराला चंपाबाई डोळे चोळत आत आल्या आणि दारातच थांबल्या. चुलीपुढं त्यांचे दोन विष्णू बसले होते. एकाच्या मिशीला पीठ, दुसऱ्याच्या कानाला. परातीत बावीस धोंडे, बावीस आकारांचे.

"अरे देवा, जावईबापू! पाप लावता व्हय मला?"

"तुम्ही बसा आई," अभयरावांनी आपला पाट पुढं सरकवला. राजकुमारनं ताट वाढलं, वर तुपाची धार धरली. चंपाबाई नको नको म्हणत बसल्या. धोंडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. दोघं जावई परीक्षेचा निकाल लागावा तसे उभे होते.

"मीठ ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "आता तीन वरसांनी येताल तवा नीट शिकून या."

आणि त्यांनी दुसरा धोंडा घेतला.